जुना रेझर, कोमट पाणी

घरातील जुन्या कपाटाच्या वरच्या खणात, शिवणकामाच्या डब्यात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत एकदा हात घालून पाहावा. पितळेचा, वर निकेलचा मुलामा दिलेला, आकाराच्या मानाने जड लागणारा एखादा सेफ्टी रेझर तेथे सापडण्याचा संभव बराच आहे. तो वडिलांचा असेल, सासऱ्यांचा असेल, किंवा आपलाच असेल आणि प्लॅस्टिकचे हलके रेझर घरात आल्यावर आपणच तो मागे सारला असेल. टाकून मात्र दिला नसेल. तीस-चाळीस वर्षे रोज सकाळी जी वस्तू चेहऱ्यावरून फिरली, ती भंगारात घालवत नाही.

आरोग्यविषयक पाक्षिकात दाढीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यात आहे. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ दारातून आत येतात, तेव्हा नाडी पाहण्यापूर्वी माझी नजर त्यांच्या दाढीकडे जाते. नेहमी नीटनेटकी दाढी करून येणारी व्यक्ती चार दिवसांचे पांढरे खुंट घेऊन समोर बसली, तर काहीतरी बिघडले असावे असे मी धरून चालतो. काय बिघडले, हे शोधणे पुढचे काम. कधी खांदा आखडलेला असतो आणि हात गालापर्यंत पोचत नाही. कधी मोतीबिंदूमुळे आरशातला चेहरा धूसर झालेला असतो. कधी न्हाणीघरात उभे राहिले की चक्कर येईल याची भीती असते. कधी पत्नी गेलेली असते, आणि ‘आज दाढी नाही केलीत?’ असे विचारणारे घरात कोणी उरलेले नसते.

वृद्धापकाळात माणसाच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. प्रथम स्कूटर, मग बँकेचे व्यवहार, मग एकट्याने बाजारात जाणे. हे सारे प्रेमापोटी आणि काळजीपोटी होते, हे मान्य. परंतु याच ओघात, हात थोडा कापू लागला की रेझरही काढून घेतला जातो आणि दर रविवारी न्हाव्याला बोलावले जाते. पुष्कळदा ही घाई असते, असे माझे मत आहे. स्वतःचा चेहरा स्वतः राखणे ही उतारवयातील फार मोठी मोकळीक आहे, आणि ती किती काळ टिकवता येईल, कशी टिकवता येईल, याचा विचार नीट शांतपणे व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

वस्तऱ्यापासून पात्यापर्यंत

आपल्याकडे पूर्वी दाढी स्वतः करण्याची रीतच नव्हती. ठरलेल्या वारी न्हावी दारी येई, ओसरीवर पाट मांडला जाई, वाटीभर पाणी, साबण, वस्तरा आणि शेवटी तुरटीचा खडा एवढ्यात काम होई. बारा बलुतेदारांपैकी तो एक; त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळे. वस्तरा चालवणे ही कसबाची गोष्ट होती आणि आजही आहे. म्हणून प्रथमच सांगून ठेवतो, की उघडा वस्तरा घरी, विशेषतः साठीनंतर, नव्याने शिकण्याच्या भानगडीत पडू नये. हौस असली तरी नाही.

स्वतःच्या हाताने, फारसे कसब नसताना दाढी करता यावी, ही सोय खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांपर्यंत आली ती अमेरिकेतून. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. वस्तऱ्याला धार लावत बसण्याऐवजी, बोथट झाले की टाकून द्यावे असे पातळ पाते का असू नये, हा विचार त्याच्या मनात १८९५ च्या सुमारास आला. कल्पना सोपी होती, परंतु इतक्या पातळ पोलादाला धार लावता येईल यावर जाणकारांचा विश्वास बसेना. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ती यंत्रे सिद्ध केली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे रेझर लक्षावधींच्या संख्येने पुरवण्यात आले, आणि सैनिक घरी परतले ते ही सवय घेऊनच.

त्या काळच्या डॉक्टरांना दाढीने एक वेगळाच घोर लावला होता, तो जाता जाता सांगतो. महायुद्धाच्या सुमारास घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले. केस नीट निर्जंतुक केलेले नसत, आणि त्यातून अँथ्रॅक्सची लागण झाल्याचे प्रकार इंग्लंड-अमेरिकेत घडले. आजच्या ब्रशबाबत ती भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याचा जुना ब्रश वापरू नये हा धडा मात्र अजून लागू आहे. रेझर वारशाने घ्यावा, ब्रश नवा आणावा.

आपल्या पिढीच्या आठवणी पात्यांच्या आहेत. टोपाझ, पनामा, सेव्हन ओ’क्लॉक, भारत ही नावे कित्येकांना अजून तोंडपाठ असतील. जुनी पाती साध्या पोलादाची असत. ती पुसून ठेवली नाहीत तर दुसऱ्या दिवशी गंज. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटाने पाते घासून त्याला पुन्हा धार आणण्याची काटकसर अनेक घरांत चाले, आणि दाढीतून निवृत्त झालेले पाते पेन्सिलीला टोक काढण्यासाठी किंवा शिवण उसवण्यासाठी घरच्या बायकामुलांकडे जाई. १९६० नंतरच्या दशकात स्टेनलेस पोलादाची पाती रुळली आणि ही कसरत संपली. तीच दुधारी पाती आजही किराणा दुकानात मिळतात आणि वडिलांच्या रेझरमध्ये जशीच्या तशी बसतात. इतक्या वर्षांत मूळ माप बदललेले नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

या दाढीत आनंद कोणता? घाईने करणाऱ्याला तो कळणार नाही. ब्रश कोमट पाण्यात भिजत असतो तेव्हापासून त्याची सुरुवात होते. साबणाच्या वडीवर ब्रश गोल गोल फिरवावा, वाटीत दाट फेस यावा, तो गालावर चढवावा. मेंदूच्या ज्या भागात स्पर्शाची नोंद होते, तेथे चेहऱ्याला आणि ओठांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा दिलेली आहे. म्हणून कोमट फेसाचा स्पर्श पाठीवर जे सुख देणार नाही, ते गालावर देतो. मग रेझरची ती बारीक खरखर, जी फक्त आपल्यालाच ऐकू येते. साबणाचा वास, जो एखाद्याला थेट वडिलांच्या खांद्यापाशी नेऊन उभा करतो. निवृत्तीनंतर दिवस लांबलेला असतो आणि त्याला आकार नसतो. सकाळची ही वीस मिनिटे त्या दिवसाला एक सुरुवात देतात. माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाने मला सांगितले होते, की वर्तमानपत्र वाचून मन खराब होते म्हणून ते आधी दाढी करतात.

पेटीतून बाहेर काढल्यावर

जुना रेझर सापडला, तर प्रथम तो पाहावा. साधा रेझर तीन भागांचा असतो: मूठ, दातेरी किंवा सरळ कडेची खालची पट्टी, आणि वरची टोपी. दुसऱ्या प्रकारात मूठ खालून फिरवली की वरचे दोन पंख दाराप्रमाणे उघडतात. ज्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले आहेत, त्यांना हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण पात्याला कमी हाताळावे लागते. पंख नीट मिटतात का, पाते घट्ट बसते का, दोन्ही कडांना सारखे बाहेर डोकावते का, हे पाहावे. एखाद्या घरी मुठीजवळ १ ते ९ आकडे असलेला रेझरही निघेल. पाते किती उघडे ठेवायचे हे त्यावर ठरवता येते. जिलेटने असा रेझर १९५८ मध्ये आणला. वयस्कर त्वचेसाठी लहान आकडा ठेवावा.

साफ करताना ब्लीच किंवा चिंच वापरू नये, मुलामा उडतो. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून रेझर तासभर बुडवून ठेवावा, दातांच्या जुन्या ब्रशने खाचांतील साबणाचा थर काढावा, धुऊन कोरडा करावा आणि सर्जिकल स्पिरिटने पुसून वाळू द्यावा. मुलामा पापुद्र्याप्रमाणे सुटत असेल किंवा खालची पट्टी वाकलेली असेल, तर तो रेझर फोटोशेजारी शोभेसाठी ठेवावा, चेहऱ्यावर आणू नये.

जुन्या पेटीत पात्यांची पाकिटेही निघतात. ती वापरू नयेत. नवे पाकीट घ्यावे आणि एक पाते चार-पाच दाढ्यांनंतर बदलावे. काटकसर करण्याची ही जागा नव्हे, कारण बोथट पाते केस कापत नाही, ओढते, आणि मग हात नकळत दाब देऊ लागतो. केसाहून पोलाद कितीतरी पटींनी कठीण, तरी पाते बोथट होते कसे? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचे कारण दाखवून दिले. कापताना केस वाकतो आणि पात्याच्या धारेला एका कडेने ताण देतो. पोलादाची घडण जेथे एकसारखी नसते, तेथे धारेचा सूक्ष्म टवका उडतो. केस मऊ आणि भिजलेला असला तर तो कमी बळाने कापला जातो. म्हणजे कोमट पाण्याची ती दोन-तीन मिनिटे हे लाड नाहीत, तो या कामाचा अर्धा भाग आहे. आंघोळीनंतर दाढी केल्यास हे आपोआपच साधते. मात्र कढत पाण्याने आंघोळ करून लगेच उभे राहू नये, रक्तदाब उतरतो.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, ही पुष्कळांची तक्रार असते. त्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साका तयार करतात. दाढीला पाणी लागते ते वाटीभर. तेवढे पिण्याच्या गाळलेल्या पाण्यातून घ्यावे. फेस बुडबुड्यांचा नको, दह्याच्या वरच्या थरासारखा दाट हवा. डब्यातून फसफसून येणारा फेस चालतो, परंतु त्यात ब्रशचे सुख नाही, आणि ब्रश खुंटांना उभे करतो ते कामही होत नाही.

आता हात. हाताचा दाब देऊ नये. जुन्या रेझरला त्याचे वजन पुरते. प्लॅस्टिकचा रेझर हलका असल्यामुळे त्याला दाबण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते, ती पहिले आठवडाभर मुद्दाम मोडावी लागते. टोपी गालाला टेकवावी, मूठ हळूहळू खाली आणावी, आणि धार केसाला लागते असे जाणवेल त्या कोनात थांबावे. हा कोन सुमारे तीस अंशांचा असतो. एकेक फटका दोन-तीन सेंटीमीटरहून मोठा नको. मोकळ्या हाताच्या बोटांनी त्वचा ताणून धरावी. वयाबरोबर त्वचेखालील चरबी आणि लवचीकपणा दोन्ही कमी होतात, गालाला आणि गळ्याला वळ्या पडतात, आणि बहुतेक जखमा या वळ्यांतच होतात. गाल आतून फुगवण्याची जुनी युक्ती उत्तम आहे. कवळी वापरत असाल तर ती तोंडात असू द्यावी. कवळी काढून दाढी केली की खोलगट गालावर रेझर फसतो.

केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने एकदा रेझर फिरवावा. पुरेसे वाटले नाही तर पुन्हा फेस लावून आडवा फिरवावा. उलट दिशेने फिरवून हाताला काचेसारखा गुळगुळीतपणा आणण्याचा हट्ट तरुणांनी करावा. आपल्या वयात त्याने केस त्वचेत उलटे रुततात आणि पुटकुळ्या येतात. शेवटी गार पाणी, मऊ पंचाने टिपून घेणे, आणि एखादे साधे, सुगंधविरहित मलम. अल्कोहोल असलेले झोंबरे आफ्टरशेव्ह कोरड्या त्वचेला आणखी कोरडे करते. ते ज्यांना आवडते त्यांचे मन मी वळवू शकलेलो नाही, हेही नमूद करतो.

हे सारे बसून करावे. न्हाणीघरात ओल्या फरशीवर उभे राहून, वर टांगलेल्या आरशात मान उंच करून दाढी करणे हे पडण्याला निमंत्रण आहे. हात टेकवता येतील अशी खुर्ची, खिडकीजवळचा उजेड, टेबलावर उभा राहणारा आरसा (एका बाजूने चेहरा मोठा दिसणारा असल्यास उत्तम), आणि कोपर टेबलाला टेकलेले. कापणाऱ्या हाताचे कोपर टेकले की कंप बराच आटोक्यात येतो.

रक्त आले तर

हृदयविकार, स्टेंट, पक्षाघात किंवा अनियमित ठोके यांसाठी अनेक ज्येष्ठांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि त्यांची नवी भावंडे. या मंडळींना कापल्यावर रक्त अधिक वेळ वाहते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे घड्याळ लावून दाबून धरावी. मध्ये उचलून पाहू नये. दर वेळी पाहिले की धरलेली गुठळी निघून येते. तुरटीचा खडा पाण्यात बुडवून लावल्यास बारीक ओरखडे थांबतात, कारण तुरटी त्वचेवरची प्रथिने गोठवते. मात्र तुरटी आपापली असावी. सलूनमध्ये दहा जणांच्या गालावर फिरलेला खडा स्वीकारू नये, आणि न्हाव्याने आपल्यासमोर नवे पाते उघडावे असा आग्रह धरण्यात संकोच करू नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. याच कारणास्तव घरातही वडील आणि मुलगा यांनी एकच पाते वापरू नये.

दहा-पंधरा मिनिटे सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. परंतु एक गोष्ट कळकळीने सांगतो. दाढी करताना रक्त आले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ‘आता जरा जास्तच पातळ झालेले दिसते’ असे म्हणून आठवडाभर गोळ्या थांबवून मग दवाखान्यात येणारे लोक असतात. गालावरचा ओरखडा दोन दिवसांत भरून येतो. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो प्रसंग जिवावरचा असतो. गोळी चालू ठेवावी, रेझर बदलावा. वॉरफरिन घेणाऱ्या आणि हात स्थिर नसलेल्या व्यक्तीने दुधारी पात्याऐवजी विजेवरचे यंत्र वापरणे शहाणपणाचे. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर मात्र हे उलटते: ऑक्सिजन चालू असताना ठिणगीच्या भीतीमुळे विजेचे यंत्र चेहऱ्याजवळ आणू नये, आणि तेथे पाणी, साबण व साधा रेझर हाच मार्ग बरा.

आरसा काय सांगतो

रोज दाढी करणारा माणूस आपला चेहरा रोज तपासत असतो. हा लाभ लहान नाही. एखाद्या ठिकाणी दर वेळी रेझर लागून रक्त येते, खपली धरते, पुन्हा निघते आणि महिना उलटला तरी भरून येत नाही, तर तो रेझरचा दोष नसावा. ती जागा डॉक्टरांना दाखवावी. त्वचेचा कर्करोग पुष्कळदा असाच, न दुखता, सुरू होतो आणि लवकर ध्यानात आला तर बरा होतो. चामखीळ रेझरने उडवू नये. वळसा घालून जावे.

साबण लावताना किंवा रेझर टेकवताना एका गालात विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची असह्य कळ उठत असेल, तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे असू शकते. माणूस त्या भीतीने अर्ध्या चेहऱ्याला हात लावणे सोडतो, आणि दातांचे दुखणे समजून चांगल्या दाढा काढून घेतो. हे दुखणे औषधांनी आटोक्यात येते.

गळ्याची दाढी करताना, मान वळवून रेझर दाबला असता, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तेही सांगावे. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य रोहिण्यांत रक्तदाबाची नोंद घेणारी केंद्रे असतात. काही वृद्धांत ती फार हळवी होतात, आणि एवढ्याशा दाबाने ठोके मंदावून माणूस खाली बसतो. घट्ट कॉलरनेही असेच घडते.

आणि एखाद्या दिवशी वडिलांनी उजवा गाल उत्तम साफ केला, डावा मात्र तसाच फेसासकट राहिला, आणि विचारल्यावर ‘झाली की दाढी’ असे ते म्हणाले, तर हसू नये. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर डाव्या बाजूचे जगच माणसाच्या लक्षातून निसटते. ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच राहतो. हे प्रथमच दिसले तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तीत हे आधीपासून असेल, तर तो आळस नव्हे हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे, आणि ‘आता डावा गाल’ एवढे शांतपणे म्हणावे.

रेझर दुसऱ्याच्या हाती देताना

हात कापतो, एवढ्यावरून निकाल देऊ नये. पार्किन्सनमधील कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. तेथे अडचण असते ती हालचाल मंद आणि लहान होण्याची. औषधाचा असर असलेल्या वेळी असे गृहस्थ सावकाश उत्तम दाढी करतात. दुसरा एक कंप याच्या उलट असतो. हात स्वस्थ असताना दिसत नाही, चहाचा कप ओठांशी नेताना मात्र बशी वाजू लागते. या दुसऱ्या प्रकारात पाते धोक्याचे. घरी तपासण्याचा सोपा मार्ग असा: पाते न घालता, फेस लावून, त्यांना रेझर फिरवू द्यावा आणि शेजारी बसून पाहावे. फेसात उमटलेल्या वाटा सरळ आणि सलग असतील, तर पाते देण्यास हरकत नाही. वाटा तुटक आणि वेड्यावाकड्या दिसल्या, तर वादावादी न होता त्यांचे त्यांनाच उमगते. ‘बाबा, तुम्हाला आता जमत नाही’ असे म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

स्मृतिभ्रंशात नावे जातात, वार जातात, पण हाताची जुनी सवय बराच काळ शिल्लक राहते. मुलाला न ओळखणारे वडील ब्रश हातात दिला की बरोबर गोल गोल फेस करू लागतात, हे मी पाहिले आहे. अशा वेळी सामान नेहमीच्या क्रमाने मांडून ठेवावे, शेजारी बसावे, कमी बोलावे, आणि पात्यांचे पाकीट मात्र कुलपात ठेवावे. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत; कचरा वेचणाऱ्या हातांचाही विचार हवा.

आणि मग तो दिवस येतो, जेव्हा दाढी दुसऱ्याने करावी लागते. येथे माझे स्पष्ट मत असे, की दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दुधारी पात्याचा जुना रेझर चालवू नये. त्याचा कोन आपल्या गालाला कळतो, दुसऱ्याच्या गालावर नाही. एक-दोन पात्यांचा साधा बदलता रेझर किंवा विजेचे यंत्र घ्यावे. बदलायचे ते एवढेच. तोच ब्रश, तीच वाटी, तोच साबण राहू द्यावा, आणि हात उचलता येत असेल तोवर फेस त्यांचा त्यांनाच लावू द्यावा. या साऱ्या प्रकारातला धोका पात्यात आहे आणि सुख बहुतेक सारे फेसात. ही दोन वेगळी करता येतात.

दाढी करणाऱ्याने मागून अचानक चेहऱ्याला हात लावू नये. समोर, त्यांना दिसेल असे बसावे. अंथरुणाला खिळलेले असतील तर डोक्याकडची बाजू उंच करावी. गळ्याभोवती पंचा, पाण्याचा कोमटपणा आधी आपल्या मनगटावर पाहिलेला. गालांपासून सुरुवात करावी. ओठांवरचे आणि हनुवटीचे केस राठ असतात, त्यांना भिजायला तेवढा वेळ मिळतो. गळ्याशी असताना बोलायला लावू नये, गिळताना थांबावे. रक्त लागले तर हातमोजे असावेत. मिशी न विचारता कधीही काढू नये, तिचा आकारही बदलू नये. अमुक वारी दाढी न करण्याची त्यांची आयुष्यभराची पद्धत असेल तर ती पाळावी. रोज दाढी झालीच पाहिजे अशी वैद्यकीय गरज काही नाही, दिवसाआड पुरते.

हे काम कोणी करावे, हा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. सासऱ्यांच्या चेहऱ्याला हात लावणे सुनेला अवघड वाटते, आणि सासऱ्यांना त्याहून अधिक. दिवसभराची सारी शुश्रूषा तीच करीत असते, म्हणून हेही तिच्याकडेच, असे गृहीत धरू नये. मुलाने कामावर जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढावीत. नातू सोळा-सतरा वर्षांचा असेल आणि त्याच्या ओठांवर नुकती लव दिसू लागली असेल, तर त्याला शेजारी बसवावे. आजोबांकडून फेस करायला शिकावे आणि त्यांच्याच देखरेखीखाली त्यांची दाढी करावी. सूचना देण्यात आजोबा मुळीच कुचराई करणार नाहीत.

सारे झाल्यावर गार पाण्याचा हात फिरवून चेहरा टिपावा आणि आरसा त्यांच्या हाती द्यावा. ते आरशात फारसे पाहणार नाहीत. तळहात गालावरून खालून वर नेतील, जबड्याच्या कोपऱ्याखाली थांबतील आणि राहिलेले चार खुंट बोटाने दाखवतील. तेथे पुन्हा थोडा फेस लावून, त्वचा ताणून, ते काढावेत. मग ब्रश धुऊन, दोनदा झटकून, केस खालच्या बाजूला येतील असा टांगून ठेवावा, म्हणजे सकाळपर्यंत तो पुरता वाळतो.